मातीची पहिली मूठ

जामखेडहून बीडच्या अंगाला जाणारा रस्ता सोडून आत वळलं की गायमाळाची वस्ती लागते. या वस्तीत विंचू चावला नाही असा माणूस एक वेळ सापडेल, पण करंट बसला नाही असा सापडायचा नाही. दुपारी लिंबाखाली बायका निवडायला-टिपायला बसल्या की प्रत्येकीजवळ सांगायला एक शॉक असतोच. कुणाला कूलरनं धरलेलं, कुणाला ओल्या हातानं दाबलेल्या बटनानं भिंतीपर्यंत फेकलेलं. रंगुबाईच्या गोठ्यातल्या लोखंडी खांबात एकदा करंट उतरला. म्हैस जागेवर गेली आणि धार काढायला बसलेली रंगुबाई वाचली. त्यावर तिचा नवरा आठवडाभर म्हशीसाठी रडत होता, हे ती स्वतःच पदर तोंडाला लावून हसत हसत सांगते.

पण या सगळ्या शॉकांत मान होता तो मुक्ताबाईच्या शॉकाला.

मुक्ताबाई लग्न होऊन इथं आली, तेव्हाची ही गोष्ट. हातावरची मेंदी अजून पुरती गेलेली नव्हती. अंगणात कपडे वाळत घालायची लोखंडी तार होती, घराच्या पत्र्यापासून थेट विजेच्या खांबापर्यंत ताणलेली. तशी ती सगळ्यांच्याच अंगणात असायची. खांब आयता उभा आहे तर बल्ली कशाला रोवा, असा साधा विचार. वाऱ्यानं घासून घासून वरच्या वायरीचं कातडं गेलं होतं आणि ती पत्र्याला टेकली होती, हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. मुक्ताबाईनं सासूचं ओलं लुगडं पिळलं, झटकलं आणि तारेवर टाकलं.

तारेनं तिला धरलं. ‘बसला’ म्हणतात तसा तो शॉक बसला नाही, त्यानं धरलंच. खांद्यापासून मनगटापर्यंत हाडं कुणी पिळ्यासारखी पिळत होतं. दात असे आवळले गेले की जिभेच्या कडेचा लचका तुटला. ओरडायचं होतं, पण ओरडायला जो श्वास लागतो तोच तारेनं अडवून ठेवला होता. सासू राहीबाई चुलीपुढून धावत आली, तिनं धुण्याचं धोपटणं उचललं आणि सुनेच्या मनगटावर हाणायला सुरुवात केली. तार सुटली. मनगटाचं हाडही मोडलं.

मग वस्तीनं तेच केलं, जे त्यांच्या आज्या-पणज्यांनी केलं असतं. करंट बसलेल्याला मातीत पुरायचं. माती करंट ओढून घेते. परसात अळूचा ओला वाफा होता, तिथं खड्डा केला आणि नव्या नवरीला गळ्यापर्यंत पुरून माती पायानं दाबली.

मुक्ताबाई शुद्धीवर आली ती त्या मातीच्या ओझ्यानं. श्वास आत घ्यायला जावं तर छाती उचलतच नव्हती. अख्खं घर अंगावर बसल्यासारखं झालं होतं. तोंडात माती, जिभेचं रक्त. ‘काढा मला’ म्हणायला तिनं जीव एकवटला, पण निघाली ती नुसती घरघर. आणि ती घरघर ऐकून वर उभ्या असलेल्या बायका आनंदानं ओरडल्या,

“बगा, बगा, करंट निगाया लागला!”

आणि त्यांनी आणखी माती दाबली.

कशी जगली ते तिलाही सांगता आलं नसतं. वाफा ओला होता, भेगा पडून सैल झाला असेल. पण जगली. बाहेर काढली तेव्हा राहीबाईनं तिला उराशी धरलं. सासूच्या बोटांची नखं माती उकरून फुटली होती. त्या दिवसापासून राहीबाई दारी येईल त्याला सांगायची, “ही काय नुसती सून न्हाई माजी. मी हिला मातीतनं दुसरा जलम दिलाय.” सांगताना दर वेळी तिचे डोळे भरायचे. वस्तीवरच्या इतर सासवा सुनांना मोजूनमापून दूध देत असताना राहीबाई मुक्ताबाईच्या ताटात साय वाढायची. मग अशा सासूला कुठल्या तोंडानं सांगायचं, की आत्याबाई, मी तुमच्या मातीखाली मरत होते? मुक्ताबाईनं नाही सांगितलं. कुणी विषय काढला की ती मान खाली घालून हसायची. ते हसणं लोकांना विनय वाटायचा.

त्यातूनच ती रीत निघाली. शेजारच्या वस्तीवर एका पोराला मिक्सरचा झटका बसला, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की जी मातीतून परत आली तिच्याच हातानं पहिली मूठ पडावी. मुक्ताबाईला मोटारसायकलवर बसवून नेलं. पोरगं घाबरून पांढरं पडलं होतं, एवढंच. तिनं मूठभर माती टाकली, लोकांनी कमरेपर्यंत पुरलं, आणि तासाभरात पोरगं उठून भाकरी मागायला लागलं. झालं. मुक्ताबाईच्या हाताला गुण आहे, हे पंचक्रोशीत पसरलं. पुढं कुणाला करंट बसला की गायमाळाला गाडी यायची. “पैली मूठ तुमची, मुक्ताबाई. लवकर चला.” ज्यांना मुळात काही झालंच नव्हतं, ते वाचायचे आणि तिला चोळीचा खण देऊन पाया पडायचे. एकदा तिनं जायला नको म्हटलं, तर नवरा बिभीषण म्हणाला, “हाताला गुन आसून जात न्हाईस म्हंजी लोकं काय म्हनतील? शाप घ्यायचाय का?” ती गेली.

असंच एकदा खालच्या वस्तीवरून बोलावणं आलं. पूजा नावाच्या पोरसवदा बाईच्या नवऱ्याला कडबाकुट्टीच्या मोटारीनं धरलं होतं. मुक्ताबाई पोचली तेव्हा तो खड्ड्यात आडवा होता, छातीवर माती आधीच होती. तिनं मूठ टाकली. माती त्याच्या वरच्या ओठावर सांडली आणि तिथं ती हलली. अगदी जराशी. फुंकर घातल्यासारखी.

“आवो, ह्यो वारा घेतोय,” मुक्ताबाई म्हणाली.

“मग बगता काय? टाका लवकर!” असं म्हणत चौघांनी खोरी चालवली.

ओठावरची माती पुन्हा हलली नाही. लोक म्हणाले, माती टाकायला उशीर झाला. पूजा तर तिच्याच पायावर डोकं ठेवून रडली. मुक्ताबाई घरी आली आणि चुलीतली राख घेऊन उजवा हात घासत बसली. सालटं निघाली तरी घासत होती.

दुसऱ्या दिवशी ती दळण पोचवायचं निमित्त करून उपकेंद्रातल्या मोनिका सिस्टरला गाठायला गेली. घरची पिठाची गिरणी मुक्ताबाईच चालवायची, त्यामुळे सिस्टरची ओळख होती. सगळं ऐकून मोनिका सिस्टर आधी खूप चिडली, मग शेजारी बसली.

“मावशी, माती करंट नाही ओढत. तो माणूस तारेपासून सुटला की करंट संपला. मग त्याला लागतो तो श्वास, आणि तुम्ही तोच दाबता.”

“मग कराया काय पायजेल?”

सिस्टर संध्याकाळी गिरणीत आली. गव्हाचं पोतं जमिनीवर आडवं टाकून तिनं दाखवलं. हाताचे तळवे एकावर एक, कोपरं सरळ, छातीच्या मधोमध, जोरात आणि भरभर. मध्ये नाक दाबून तोंडानं वारा भरायचा. मुक्ताबाईनं पोत्यावर करून पाहिलं. गिऱ्हाइकं दारातून बघून हसली. “मुक्ताबाई, गव्हावर का राग?” असं कुणीतरी म्हणालं.

त्यानंतर तिनं मूठ टाकायला जाणं बंद केलं. कधी ताप सांगायची, कधी उपास. खरं कारण मात्र घरात बोलली नाही. राहीबाई आता थकली होती. तिच्या आयुष्यात अभिमानानं सांगावं असं जे होतं, त्यात पहिलं हेच होतं. ते हिसकावून घ्यायला मुक्ताबाईचा जीव होत नव्हता.

मग गोरक्षची पाळी आली.

गोरक्ष तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेच्या चड्डीची नाडी बांधून घ्यायला तिच्याकडे यायचा. आता त्याचंही लग्न होऊन रुपाली घरात आली होती. पण वहिनीशी मस्करी केल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. वस्तीचा तो बिनपगारी वायरमन. कुणाची मोटार अडली, कुणाचा स्टार्टर जळला की गोरक्षला हाक. वायरीचं टोक तो दातानं सोलायचा. मुक्ताबाई ओरडली की म्हणायचा, “वैनी, पकड घ्यायला घरी जावं लागतंय, दात कुटंबी संगट आसत्यात.”

थंडीचे दिवस होते. कांद्याच्या रोपाला पाणी द्यायचं होतं आणि गिरणीपुढच्या, गिरणीच्याच मेनवर चालणाऱ्या बोअरचा स्टार्टर बोंबलला होता. बोअरपासून वरच्या तुकड्यापर्यंत पाइपलाइनची चारी खोदलेली, अजून बुजवायची होती. लाईट सकाळीच गेली होती. शेतीची लाईट यायला दुपार व्हायची, हे सगळ्यांना तोंडपाठ. गोरक्ष गळक्या पाइपाच्या चिखलात अनवाणी उकिडवा बसून स्टार्टरची पेटी उघडत होता.

मुक्ताबाई गिरणीच्या दारातून म्हणाली, “भावजी, वरची मेन तरी पाडा की.”

“लाईटच मेलीय, वैनी. मेल्याला कोन भेतंय?”

“मेलेलं उठतंय बरं का.”

“उठलं तर तुमच्या हातची मूठ हायच की!” तो हसला आणि वायरीचं टोक दातात धरलं.

मुक्ताबाई आत वळली. जातं झाडायला तिनं कुंचा हातात घेतला आणि तेवढ्यात डोक्यावरचा पिवळा बल्ब पेटला.

तिला किंकाळी ऐकू आली नाही. किंकाळी नसल्यामुळेच तिला कळलं. तिनं पोती रचायची लाकडी फळी ओढली आणि पळत सुटली. गोरक्ष तसाच उकिडवा होता, पण ताठ. वायर तोंडातून हातात आली होती आणि मूठ तिच्यावर मिटली होती. मान मागं वाकली होती, टाचा चिखलात थडथड आपटत होत्या. तोंडाच्या कडेनं फेस आणि रक्त गळत होतं. केस जळाल्याचा वास येत होता. पलीकडून बिभीषण भावाकडे झेपावला.

“हात लावू नका!” मुक्ताबाई अशी किंचाळली की तो जागीच धडपडला. तिनं कोरड्या दगडावर पाय रोवले आणि फळी गोरक्षच्या दंडावर घातली. मूठ सुटेना. पुन्हा घातली. हाड वाजल्याचं ऐकू आलं. मग सगळं बळ लावून मनगटावर हाणली, तेव्हा वायर ठिणग्या उडवत बाजूला पडली. तळहाताचं कातडं वायरीबरोबर गेलं. गोरक्ष कापलेल्या उसासारखा आडवा झाला.

बिभीषणनं पळत जाऊन गिरणीतली मेन पाडली. तोवर आरडाओरडा ऐकून आसपासच्या रानातली माणसं धावत आली. चारी उघडीच होती, काठावर मातीचे ढीगही तयार. कुणी काही ठरवलं नाही, कुणी कुणाला विचारलं नाही. चौघांनी गोरक्षला उचललं, चारीत ठेवलं आणि पायांकडून माती लोटायला लागले. राहीबाई काठीचा आधार सोडून, पडत-धडपडत आली. लेकाचं निळं पडलेलं तोंड पाहिल्यावर तिनं एकदाच हंबरडा फोडला. मग पदरानं डोळे पुसले, वाकून ओल्या मातीची मूठ भरली आणि मुक्ताबाईच्या हातात दिली.

“टाक, बाये. तुज्या हातानं. तू परत आलीस तसं माजं लेकरू परत आन.”

सगळे खोरी थांबवून बघायला लागले.

मुक्ताबाईनं ती मूठ बघितली आणि गोरक्षचं तोंड बघितलं. छाती हलत नव्हती. तिनं ती माती चारीच्या काठावर आपटली आणि आत उडी टाकली.

“काडा ह्याला वर! काडा म्हनते ना!”

“मुक्ते, येड लागलं का तुला?” बिभीषण ओरडला.

“माती न्हाई टाकायची. ह्याला वारा पायजेल!” ती दोन्ही हातांनी त्याच्या मांड्यांवरची माती उपसत होती. वरून कुणीतरी खोरं भरून टाकलं, ते तिच्याच पाठीवर पडलं. तिनं हातात आलेलं ढेकूळ उचललं आणि टाकणाऱ्याच्या तोंडावर फेकून मारलं. त्याच्या नाकातून रक्त आलं. बिभीषणनं खाली उतरून तिचा दंड धरला. ती सुटायला धडपडली तशी त्यानं तिच्या थोबाडीत मारली. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यानं कधी हात उगारला नव्हता. मारल्यावर तो स्वतःच आपल्या हाताकडे बघत राहिला आणि तेवढ्यात मुक्ताबाईनं त्याला डोक्यानं ढुशी देऊन चारीच्या भिंतीवर ढकललं.

गोरक्षला काखेत धरून तिनं ओढलं. चारी उथळ होती, तरी वजन तिला पेलेना. “करण! आरं करण, तू तरी ये!” तिनं हाक दिली. करण हा टेम्पोवाला, गोरक्षचा शाळेपासूनचा दोस्त. तो काठावर उभा होता. तो एकदा राहीबाईकडे, एकदा मुक्ताबाईकडे बघत राहिला, आणि मग उतरला. दोघांनी मिळून गोरक्षला सपाटीवर घेतलं.

मुक्ताबाईनं गुडघे टेकले, तळव्यावर तळवा ठेवला आणि सगळं अंग टाकून दाबायला सुरुवात केली. गव्हाचं पोतं निमूट असतं. माणसाची छाती खालून करकरते. दाबता दाबता आतून काहीतरी कडकन मोडलं. तिच्या तळव्यांना ते कळलं, पण ती थांबली नाही.

“मारती! माज्या पोराला मारती ही!” राहीबाईनं खोऱ्याचा दांडा उचलला आणि थोरल्या सुनेच्या पाठीत घातला. मुक्ताबाईच्या तोंडून ‘आई गं’ निघालं, पण हात चालूच राहिले. दुसरा दांडा खांद्यावर बसला. मग म्हातारीनं दांडा टाकून सुनेचा अंबाडा धरला आणि मागं खेचायला लागली. मुक्ताबाईची मान वाकली, हात छातीवरून सुटायला लागले. तोंडासमोर राहीबाईचा दुसरा हात आला. मुक्ताबाईनं त्यात दात रोवले. दातांना रक्त लागेपर्यंत सोडलं नाही.

राहीबाई हात धरून मागं बसली. सासूला सुनेनं चावणं वस्तीनं कधी पाहिलं नव्हतं.

मुक्ताबाई धापा टाकत, दाबता दाबताच बोलत होती. “मला मातीनं न्हाई वाचवलं, आत्याबाई. मी माती आसून वाचले. मी आत जिती हुते. मी ओरडत हुते नि तुमी वरनं दाबत हुता. पूजाचा नवरा बी जिताच हुता. म्या बगितलाय. आता ह्याला न्हाई दाबू द्यायची. मला जित्ती गाडा मग, पन ह्याला न्हाई.”

आता तिला ओढायला कुणी पुढं आलं नाही. मुक्ताबाईनं मान वर करून रुपालीला शोधलं. ती नुसता पदर डोक्यावर घट्ट ओढून, भिंतीला चिकटावी तशी बाभळीच्या खोडाला चिकटून उभी होती.

“रुपाली, हिकडं ये. नाक दाब त्याचं. तोंडाला तोंड लाव नि फुक.”

रुपाली पुढं आली, गुडघ्यावर बसली आणि थबकली. समोर सासू, थोरले दीर, रानभर पुरुष. नवऱ्याचं नावसुद्धा ती कधी चारचौघांत घेत नव्हती.

“जाऊबाई... समद्यांसमोर...”

“आगं, लाज कुनाची धरतीस? विधवा झालीस की ह्यातलं एक बी कामाला यायचं न्हाई!” मुक्ताबाईनं एका हातानं तिच्या डोक्यावरचा पदर हिसकला आणि मागं टाकला. “फुक म्हनते!”

रुपालीनं डोळे मिटले आणि वाकली. पहिला वारा बाहेरच गेला. “नाक दाब, नाक!” दुसऱ्या फुंकरीला गोरक्षची छाती वर आली. ते पाहून कुणीतरी “आरं!” म्हणालं. मुक्ताबाई दाबायची, थांबायची. रुपाली फुंकायची. रुपालीच्या हनुवटीला त्याच्या तोंडाचं रक्त लागलं होतं. ती रडत होती आणि फुंकत होती. मुक्ताबाईचे हात भरून आले तेव्हा शेजारून बिभीषणचे हात पुढं आले.

“कसं करू, दाव,” तो म्हणाला.

“हितं. कोपर वाकवू नगा.”

मग नवरा-बायको आलटून पालटून दाबत राहिले. करणनं टेम्पो चारीपर्यंत आणून उभा केला. त्यात उचलून घालायच्या आधीच गोरक्षच्या घशातून एक भयंकर आवाज आला, ढोराच्या घशात काही अडकल्यासारखा. तो कुशीवर वळला आणि भडाभडा ओकला. मग त्यानं श्वास घेतला. वाकडा, खरखरीत, तुटका. पण स्वतःचा. आणि त्यामागून दुसरा.

रुपालीनं हंबरडा फोडला. मुक्ताबाईला तिच्या तोंडावर हात ठेवावा लागला. “गप. मोठ्यानं रडू नगंस. मला त्याचं ऐकू दे.”

टेम्पोत गोरक्षचं डोकं रुपालीच्या मांडीवर होतं. मुक्ताबाई त्याच्या नाकाजवळ कान धरून जामखेडपर्यंत वाकलेली राहिली. खड्ड्यात टेम्पो आदळला की तो कण्हायचा, आणि तो कण्हला की तिला बरं वाटायचं. राहीबाई पुढं करणशेजारी बसली होती. चावलेला हात मांडीवर ठेवून ती समोरच्या काचेतून बघत होती. सबंध रस्ता तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात गोरक्षला आत नेलं. नळ्या लागल्या, छातीला वायरी चिकटवल्या. त्या वायरी बघून रुपाली घाबरून मागं सरली. तिनं तिथल्या सिस्टरला ‘ह्यात करंट न्हाई ना?’ असं विचारल्यावर सिस्टरला हसू आवरेना. बाहेरच्या बाकड्यावर राहीबाई बसली. मुक्ताबाई भिंतीला टेकून उभी राहिली. बसायला जागा होती, पण सासूशेजारी बसायचं तिला सुचेना. पाठ फणफणत होती. ओठ सुजला होता. बिभीषण पाण्याची बाटली घेऊन आला, तिच्यापुढं धरली आणि खाली मान घालून म्हणाला, “घे. ...गालाला लई लागलं का?” तिनं बाटली घेतली. “घरी गेल्यावर बगू,” म्हणाली. ते माफ केलं असं नव्हतं, आणि नाही असंही नव्हतं.

खूप वेळानं डॉक्टर बाहेर आले. तरुण होते. कपाळाला आठ्या होत्या.

“जीव आहे. आजचा दिवस लक्ष ठेवायला लागेल. उजव्या हाताची दोन बोटं जाणार, ती नाही वाचवता यायची. दंडाचं हाड मोडलंय.” मग ते सगळ्यांकडे बघून म्हणाले, “आणि बरगड्या मोडल्यात. छातीवर मार आहे. हे कुणी केलं?”

बिभीषण खाली बघायला लागला. करण भिंतीवरचा पोलिओचा कागद वाचायला लागला. दीर जगला, आता पोलीस येणार, असंच मुक्ताबाईला वाटलं. ती पुढं व्हायला पाऊल उचलणार, तोच बाकड्यावरून राहीबाई उठली. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश.

“माज्या थोरल्या सुनंनं मोडल्यात,” ती म्हणाली. “मी तिला दांड्यानं हानलं, तरी थांबली न्हाई. मी पोराला मातीत घालीत हुते, डाक्टर. हिनं वर काडला.” मग तिनं पदराखालचा हात पुढं केला. दातांचे वळ काळेनिळे सुजले होते. “ह्यो बी तिनंच चावलाय. ह्याला काय औशीद आसंल तर लावा.”

डॉक्टरांनी एकदा हात पाहिला, एकदा मुक्ताबाई पाहिली.

“बरगड्या मोडल्या म्हणून तो आत श्वास घेतोय, आजी,” ते म्हणाले. “मोडू दे. बरगड्या जुळतात.” आणि सिस्टरला पट्टी आणायला सांगून आत गेले.

राहीबाई पुन्हा बाकड्यावर बसली. मग थोडी सरकली आणि शेजारची जागा हातानं झाडली.

“बस की. किती येळ हुबी ऱ्हाशील?”

मुक्ताबाई बसली. राहीबाईनं तिच्या हातातली बाटली घेतली, पदराचं टोक भिजवलं आणि सुनेच्या तोंडावरचं वाळलेलं रक्त पुसायला लागली. जोर भांडं घासायचा होता.

“हळू, आत्याबाई. दुखतंय.”

“गप बस,” राहीबाई म्हणाली आणि पुसत राहिली.